वाईच्या मागची रेघ

पुण्याहून येताना खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला गाडी उजवीकडे वळली की थोड्याच वेळात समोर डोंगरांची रेघ उभी राहते. उजव्या हाताला पांडवगड, डोक्यावर कातळाची टोपी घातलेला. समोर पाचगणीचं पठार, पट्टी धरून आखल्यासारखं सपाट. या दोघांमधून कृष्णा येते आणि तिच्या काठाला आमची वाई. बाहेरून येणाऱ्यांना वाई म्हणजे ढोल्या गणपती आणि पुढे महाबळेश्वरला जाताना घेतलेला चहा. आमच्यासाठी वाई म्हणजे ती रेघ.

पठार एवढं सपाट कसं, असं लहानपणी विचारलं की भीमाने गदेनं ठेचलं, असं उत्तर मिळायचं. खरं कारणही तसं गमतीचंच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक बसले आणि त्यातून हा सगळा काळा पाषाण झाला. वरच्या थराचा पुढे ऊन-पावसाने जांभा बनला. ही जांभ्याची टोपी टणक, म्हणून माथा सपाट राहिला. कडेचा भाग मात्र पाण्याने कापत नेला. संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की कड्यांवर हे थर पायऱ्यांसारखे मोजता येतात. फोटो काढायला लागलो तेव्हा मला पहिल्यांदा ते दिसले. त्याआधी वीस वर्षं तो डोंगर मी रोज पाहत होतो.

फोटो काढणाऱ्याने वाईत एक हिशेब शिकून घ्यावा. थंडीत सूर्य पाचगणीच्या मागे बुडतो. पठार वाईपेक्षा साडेपाचशे-सहाशे मीटर उंच, त्यामुळे पंचांगातल्या सूर्यास्ताच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच घाटावर सावली येते. उशिरा पोचलात तर हाती काही लागत नाही. मे महिन्यात मात्र सूर्य उत्तरेला सरकून धोमच्या बाजूला उतरतो. तिथे खोरं उघडं आहे, त्यामुळे ऊन थेट नदीच्या अंगावरून लांबवर येतं. उन्हाळ्यात वाईला येऊन काय पाहायचं, असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. दुपारी झोपा, साडेसहाला नदीवर या.

पण माझा जीव डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेवर. नदीवरून धुकं उठतं ते गावभर पसरत नाही, पात्रावरच अंथरल्यासारखं राहतं. गणपती आळीच्या घाटावर उभं राहिलं तर समोरच्या काठाचा पत्ता नसतो, वर मात्र देवळांचे कळस कोरडे ठाक. ढोल्या गणपतीचं देऊळ 1762 सालचं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. सगळे मूर्तीचा आणि शिखराचा फोटो काढतात. मी नव्या माणसाला आधी देवळाच्या पाठीमागे नेतो. मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, टोकाला निमुळती. पुराचं पाणी येऊन आदळलं की दोन बाजूंना फाकावं म्हणून बांधणाऱ्याने केलेली ही सोय. पावसाळ्यात गढूळ, चहाच्या रंगाचं पाणी त्या भिंतीला घासून जाताना पाहिलं की अडीचशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याला नदी किती कळली होती ते समजतं.

नदी चढते ती इथल्या पावसाने नव्हे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून हवेतलं अंतर तीस किलोमीटरही नाही, पण वाईत तो हजारसुद्धा गाठत नाही. वर झोडपत असतं आणि खाली अंगणात कपडे वाळत असतात. त्यामुळे आमच्याकडे आभाळ डोक्यावर बघायची पद्धत नाही, पाचगणीकडे बघायची आहे. आजी ओट्यावरून नुसती मान वळवून सांगायची, "पठारावर ढग टेकलाय, छत्री घेऊन जा." ढग पठाराच्या वर तरंगत असला तर काळजी नाही. कडा पुसून खाली उतरायला लागला की तासाभरात आलाच.

वाईपासून तीन किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, मागे अर्धचंद्राकार घाट, मेणेश्वराचं देऊळ, आणि तिथे टांगलेली पोर्तुगीज घंटा. घंटेवर 1707 साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या लुटीतली ही घंटा, असं सांगतात. याच घाटावर 'स्वदेस'चं चित्रीकरण झालं आणि तेव्हापासून इथे येणारा निम्मा माणूस शाहरुख कुठे बसला होता ते विचारतो. 'गंगाजल'मध्ये तर वाई परिसराने बिहारचं सोंग घेतलं. गाव पडद्यावर दुसऱ्याच्या नावाने वावरतं याचं कौतुक आणि थोडी चीड, दोन्ही आम्हाला आहे. असे सिनेमे पाहताना मी गोष्ट सोडून मागची डोंगररेघ शोधत बसतो. घाटांना बनारस म्हणता येतं, पाचगणीच्या पठाराला काय म्हणणार?

मेणवलीत माझी एकदा चांगलीच फजिती झाली. घंटेकडे पाहत, मोबाइल तिकाटण्यावर लावून एकेक पायरी खाली उतरत होतो. खालच्या पायरीवर एक मावशी चादर आपटत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "बाळा, पाय बघून टाक, शेवाळ हाय." मी हो म्हणेपर्यंत गुडघाभर पाण्यात बसलो होतो आणि मोबाइल तिकाटण्यासकट बुडाला होता. मावशींनी हातातली चादर टाकली, पाण्यात हात घालून पहिल्याच फटक्याला तो वर काढला, पदराला पुसला आणि म्हणाल्या, "फोटू काडायचा तर त्या वरच्या वडापासनं काड की. समदं दिसतंय." तो मोबाइल गेला. पण वरून घाटाचा पुरा चंद्र, नदीचं वळण आणि मागे डोंगर एका चौकटीत बसतात, हे मला कॅमेरा घेतल्यापासून कोणी सांगितलं नव्हतं. आता मी तिथूनच सुरुवात करतो.

मेणवलीच्या पुढे धोम. तिथल्या शिवमंदिरापुढे दगडी कासव आहे, त्याच्या पाठीवर नंदी. कासव बसलंय ते कमळाच्या आकाराच्या हौदात. पाणी भरलं की कासव नंदीला घेऊन तरंगतंय असं वाटतं. कोरड्या हौदातला फोटो फसतो, त्यामुळे भरला असेल तेव्हा पाहायला मिळणं हा नशिबाचा भाग. धरणाच्या पाण्याच्या कडेने वर गेलं की गर्दी संपते. पाण्याच्या टोकाला कमळगड. त्याच्या एका अंगाने जोर खोऱ्यातून कृष्णा, दुसऱ्या अंगाने वाळकी. गडाच्या माथ्यावर भुईत खोल चीर आहे, आत उतरायला पायऱ्या, आणि भिंती गेरूच्या लालभडक. तिला कावेची विहीर म्हणतात. बाहेर पडल्यावर बोटांना आणि शर्टाला तो लाल रंग लागलेला असतो, आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्यालाही. माझ्या पट्ट्यावरचा डाग दोन धुण्यांनंतरही गेलेला नाही.

पसरणी घाटाबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण त्याचे फोटो सगळ्यांकडे आहेत. पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव, एवढं मात्र वळणावर थांबून कणीस खाणाऱ्यांना ठाऊक असावं. एक विनंतीही आहे. घाटात खाली बघता तेव्हा हळदीची आणि उसाची रानं दिसतात, त्यांच्याकडे नोव्हेंबरच्या सुमाराला नीट बघा. उसाचा हिरवा वेगळा, हळदीच्या रुंद पानांचा वेगळा, आणि दोन्हीच्या मधून नदीकाठच्या झाडांची काळपट ओळ. पुढे हळद काढून शिजवतात आणि वाळत घालतात तेव्हा वाटेला लागलेल्या खेड्यांत शिरलात तर रंगापेक्षा वास आधी गाठतो.

विश्वकोशाचं गाव म्हणून वाईची ओळख आहे, आणि ती रास्तच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी त्या कामाचा पाया इथे घातला. पण शब्दांची एवढी मोठी पेढी गावात असून या डोंगररेघेला आमच्याकडे वेगळं नाव नाही. "पाचगणीकडे", "धोमकडे", "मांढरदेवीच्या बाजूला", एवढ्यावर भागतं.

माझा शाळेतला मित्र बारा वर्षं न्यू जर्सीत आहे. गेल्या जूनमध्ये मी त्याला घाटावरचा एक फोटो पाठवला. पाण्यात दीपमाळेचं प्रतिबिंब, नदी अजून नितळ, चौकट मला तरी बरी जमलेली. त्याचं उत्तर पाच मिनिटांत आलं. प्रतिबिंबाबद्दल एक अक्षर नव्हतं. "मागे बघ, टेकलाय. छत्री नेलीस का?"

नेली नव्हती. उत्तर वाचत होतो तेव्हा मी मधल्या आळीतल्या एका दुकानाच्या पत्र्याखाली उभा होतो, कॅमेरा शर्टात घालून.