अंडवृद्धी : लाजेचे दुखणे

ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यातील माझे मामा चार वर्षे सैल लेंगा घालून वावरत होते. होडीवर जाणे त्यांनी सोडले होते. कोणी विचारले तर ‘कंबर धरली आहे’ म्हणत. दुखणे कमरेचे नव्हते, वृषणाभोवतीच्या सुजेचे होते. अखेर मामीने मला गळ घातली आणि मी त्यांना डॉक्टरांकडे नेले. तेथे जे समजले ते मामांच्या परवानगीने मांडतो.

वृषणाभोवती एक पातळ, दुपदरी पिशवी असते. तिच्या पदरांमध्ये थोडा द्रव असतोच; तो पाझरतो आणि शोषलाही जातो. हा जमाखर्च बिघडला की द्रव साठून सूज येते. हीच अंडवृद्धी किंवा हायड्रोसील. मार किंवा जंतुसंसर्ग हे निमित्त असू शकते. पुष्कळदा कारण सापडतच नाही. तान्ह्या मुलांत पोटाकडून येणारी वाट बुजायची राहिल्याने असे होते व बहुधा वर्षभरात आपोआप बरे होते. गडचिरोली-चंद्रपूरकडे हत्तीरोगाचे कृमी हेही एक कारण आहे. घाण साचलेल्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास ते पसरवतो. त्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला.

डॉक्टरांनी खोलीत अंधार करून सुजेमागे बॅटरी धरली. सूज लालसर उजळली! आत पाणी असले की प्रकाश आरपार जातो. अंतर्गळाचे आतडे उतरले असेल तर सहसा जात नाही. तरीही सोनोग्राफी केली, कारण पाण्याआड वृषणाची गाठ लपलेली असू शकते.

सुश्रुतसंहितेत या विकाराला मूत्रवृद्धी म्हटले असून पाण्याने भरलेल्या पखालीची उपमा दिली आहे. शस्त्राने छिद्र पाडून नळीने पाणी काढण्याचा उपायही तेथे आहे. परंतु नुसते काढलेले पाणी बहुधा पुन्हा भरते. म्हणून आता शस्त्रक्रियेत पिशवीचा भाग कापतात किंवा ती उलटी करून शिवतात. वृषण जागीच राहते. लहान, न दुखणाऱ्या सुजेला पुष्कळदा शस्त्रक्रिया लागतही नाही.

मामा आता पुन्हा होडीवर जातात. ‘एवढ्यासाठी चार वर्षे फुकट घालवली’, असे ते स्वतःच म्हणतात.

मित्रहो, एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. वृषण एकाएकी असह्य दुखू लागले तर ते अंडवृद्धी समजून थांबू नये. वृषणाला पीळ पडला असेल तर काही तासांतच ते निकामी होते. अशा वेळी लाज सोडून तडक इस्पितळ गाठावे.