दुपारी ऑपरेशन, संध्याकाळी घरी

गेल्या वर्षी शिमग्याच्या आसपास माझी भाची इंदापूरहून सकाळच्या एस.टी.ने बारामतीला आली. एरवी आली की आधी स्वयंपाकघरात शिरून डबे उघडून बघते. त्या दिवशी चपला काढल्या आणि थेट माझ्यासमोर बसली. मोबाइल पुढे केला. कुठल्याशा शहरी क्लिनिकची जाहिरात होती. स्तनांचा आकार वाढवण्याचं ऑपरेशन. 'दुपारी ऑपरेशन, संध्याकाळी घरी. सुलभ हप्ते.'

"मावशी, आईला सांगू नकोस. फक्त एवढं सांग, यात धोका किती?"

मी बारामतीत एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. प्रजननसंस्थेचा धडा आला की 'हा घरी वाचा' म्हणून पुढे सरकणाऱ्या शिक्षकांपैकी मीही एक, हे कबूल करते. तो न शिकवलेला धडा आता माझ्याच घरात येऊन बसला होता.

पोरगी सत्तावीस वर्षांची, पतसंस्थेत नोकरीला. दोन स्थळं येऊन गेली. दुसऱ्या स्थळाच्या मध्यस्थानं जाता जाता निरोप दिला, 'मुलगी चांगली आहे, पण अंगानं भरत नाही म्हणतात.' पोह्यांच्या बशा अजून ओट्यावर होत्या आणि तिनं ते ऐकलं. त्यानंतर चार महिन्यांत तिनं क्लिनिकला फोन केला, एक लाख चाळीस हजार खर्च विचारून घेतला आणि दहा हजार रुपये टोकन भरूनही टाकलं.

रागावणं सोपं होतं. पण तिनं विचारलं होतं धोक्याबद्दल, आणि मी उपदेश केला असता तर ती पुढच्या एस.टी.ने परत गेली असती. शिवाय शरीर बदलून घेण्याची इच्छा काही परदेशातून आलेली नाही. कापलेल्या नाकाच्या जागी कपाळाची कातडी वळवून नवं नाक करण्याची विद्या आपल्याच पुण्यात होती. कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याची ती हकिकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये १७९४ साली छापून आली आणि युरोपातल्या शल्यविशारदांनी ती वाचून प्रयोग सुरू केले. आमच्या आत्याचा एक स्तन कर्करोगामुळे काढावा लागला, तेव्हा ती पोलक्यात मोहरी भरलेली कापडी पिशवी शिवून घालायची. तिला कुणी नटवी म्हटलं नाही. शेजारच्या एका वहिनींचं दुखणं उलटं होतं. छातीच्या भारानं खांद्यावर पट्ट्यांचे वळ, मान धरलेली, उन्हाळ्यात खाली घामोळं आणि जखमा. अशांना आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनं खरोखर आराम पडतो. वण राहतात, स्तनपानाला अडचण येऊ शकते, पण पाठ सुटते. वहिनींना मात्र जन्मभर 'वजन कमी करा' एवढंच ऐकावं लागलं. तेव्हा सरसकट 'नको ते चाळे' म्हणणं मला पटत नाही.

पण भाचीला दुखणं काहीच नव्हतं. तिथंच हिशेब बदलतो. दुखण्यावरच्या उपायाचा धोका दुखण्याशी तोलायचा असतो. इथे दुसऱ्या पारड्यात काय होतं? एका मध्यस्थाचं वाक्य.

मग आम्ही दोघींनी दोन दिवस बसून वाचून काढलं. सिलिकॉनची पिशवी पहिल्यांदा बसवली गेली १९६२ साली, अमेरिकेत ह्यूस्टनला. ती बाई खरं म्हणजे छातीवरचं गोंदण काढायला गेली होती. डॉक्टरांनीच तिला नव्या प्रयोगाबद्दल विचारलं. 'मला तर माझे कान नीट करून हवे होते,' असं तिचं म्हणणं, तेव्हा कानही करून दिले. भाची हे वाचून पहिल्यांदा हसली.

पुढे तीस वर्षं लाखो बायकांनी त्या पिशव्या घालून घेतल्या. १९९२ साली अमेरिकी सरकारनं पुरेशा चाचण्या नाहीत म्हणून सौंदर्यासाठीचा वापर थांबवला. दाव्यांच्या ओझ्यानं डाऊ कॉर्निंग या बड्या कंपनीनं १९९५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. सांधेदुखीचे वगैरे मोठे आजार यातून होतात, हा त्या वेळचा मुख्य आरोप. १९९९ च्या तज्ज्ञ अहवालात त्याला पुरावा मिळाला नाही आणि २००६ मध्ये परवानगी परत आली. पण त्याच अहवालात म्हटलं होतं की खरी अडचण जागच्या जागीच आहे. ती कोणती, हे मात्र जाहिरातीत नसतं.

शरीर कुठल्याही परक्या वस्तूभोवती पापुद्रा धरतं. काही जणींचा हा पापुद्रा आवळत जातो. स्तन दगडासारखा कडक होतो, वाकडा दिसतो, दुखतो. पिशवी फाटू शकते, आणि सिलिकॉनची पिशवी फाटल्याचं पुष्कळदा बाईला कळतही नाही. म्हणून पाच-सहा वर्षांनी पहिली आणि मग दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एम.आर.आय. करा, असं अमेरिकी औषध प्रशासन सांगतं. जंतुसंसर्ग, रक्त साकळणं, बोंडाची संवेदना जाणं हे वेगळंच. स्तनाग्राभोवती छेद घेतला तर दुधाच्या नळ्या दुखावू शकतात. पुढे मॅमोग्राफी करताना पिशवीआड काही भाग झाकला जातो, जादा फिल्म काढाव्या लागतात. आणि ही पिशवी जन्मभराची नाही. सौंदर्यासाठी ती बसवलेल्या पाचांपैकी एकीला दहा वर्षांच्या आत ती काढावी लागते, असा त्याच प्रशासनाचा २०११ चा अंदाज.

"म्हणजे सदतिसाव्या वर्षी परत एक लाख चाळीस हजार?" पतसंस्थेतल्या पोरीनं बरोबर बोट ठेवलं.

फसवणुकीचा इतिहास त्याहून वाईट. फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीनं स्वस्तातलं औद्योगिक सिलिकॉन भरून पिशव्या विकल्या. २०१० मध्ये ते उघडकीला आलं. तोवर त्या जगभर लाखो बायकांच्या अंगात गेल्या होत्या. २०१३ मध्ये कंपनीच्या संस्थापकाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. पुढे खरखरीत पृष्ठभागाच्या पिशव्यांभोवती एक दुर्मीळ कर्करोग आढळला. तो स्तनाचा नव्हे, प्रतिकारशक्तीच्या पेशींचा. २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीला अशा पिशव्या परत घ्याव्या लागल्या. २०२१ पासून अमेरिकेत पाकिटावर चौकटीत ठळक इशारा छापणं आणि ऑपरेशनपूर्वी धोक्यांची यादी वाचून बाईची सही घेणं सक्तीचं झालं. बऱ्याच बायका थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा सांगतात. त्याचं कारण शास्त्राला अजून नक्की सापडलेलं नाही, पण पिशवी काढल्यावर काहींना बरं वाटतं.

तिनं मध्येच विचारलं, "मग ते तेल लावलं तर?" आकार वाढवण्याची तेलं आणि मलमं एस.टी. स्टँडवरच्या भिंतींपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे पोचली आहेत. स्त्रीच्या स्तनांचा आकार सुधारण्याच्या औषधांची जाहिरात करणं १९५४ च्या जादूटोणा उपचार जाहिरातविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. सत्तर वर्षांचा कायदा, आणि भिंत रंगवणाऱ्याला त्याचा पत्ता नाही.

एका गोष्टीत मी तिच्याशी हरले. मी म्हटलं, "पैसेवाल्यांचे हे खेळ." तिनं लगेच दाखवलं की तमिळनाडू सरकारनं २०१८ मध्ये चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया गरिबांना मोफत सुरू केली होती. "आपल्याला हवंसं वाटणं पण पैशावर ठरवायचं का, मावशी?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

संध्याकाळी तिनं वहीच्या पानावर प्रश्न लिहिले. ऑपरेशन करणारा प्लास्टिक सर्जरीचं एम.सीएच. झालेला आहे का, वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक काय. पिशवी कुठल्या कंपनीची, गुळगुळीत की खरखरीत, तिचा क्रमांक असलेलं कार्ड हातात मिळेल का. भूल कोण देणार आणि रात्री काही झालं तर अतिदक्षता विभाग कुठे. फाटली तर दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च कुणाचा. शेवटचा प्रश्न मी सुचवला होता, पण लिहिला तिनं स्वतः. इंदापूरला परत गेल्यावर रात्री त्रास झाला तर मी कुणाला फोन करायचा?

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोरच तिनं क्लिनिकला फोन लावला. पलीकडची मुलगी आधी गोड बोलत होती. पिशवीच्या कंपनीचं नाव विचारल्यावर म्हणाली, डॉक्टर सांगतील. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारल्यावर म्हणाली, मॅडम, तुम्ही आल्यावर बोलू. दुपारनंतर त्यांनी फोन उचलला नाही. टोकनचे दहा हजार आजतागायत आलेले नाहीत.

भाचीनं विचार सोडला असं नाही. "पाहू, एखाद्या खऱ्या सर्जनला विचारेन. माझ्यासाठी करायचं असेल तर," असं म्हणून ती दुपारच्या गाडीनं गेली. वहीचं ते पान तिनं पर्समध्ये घडी करून ठेवलंय. परवा ताईचा फोन आला होता. तिसरं स्थळ बघायला येणार होतं, तर पोरीनं आधीच निरोप पाठवला म्हणे की मध्यस्थाला बरोबर आणू नका.