अंबरनाथचा शिलालेख व नामकरणाची परंपरा

अंबरनाथ येथील प्राचीन शिवालय वालधुनीच्या कांठीं उभें आहे. तेथील शिलालेखांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमाराचा काळ दिलेला असून, महामंडलेश्वर मांवाणिराजदेव राज्य करीत असतां छित्तराजदेवाच्या भवनाचें काम पुरें झाल्याचा त्यांत उल्लेख आहे. या देवालयाच्या शिल्पाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. प्रस्तुत लेखांत त्या लेखांतील राजघराण्याच्या नांवांचा विचार करावयाचा आहे. त्याचें कारण असें कीं, बारशाच्या आधीं "एखादें जुनें, अस्सल नांव सुचवा" अशी पृच्छा घेऊन येणारे गृहस्थ जुन्या कागदांच्या संग्राहकांस नवे नाहीत. या पृच्छेचें उत्तर देतां देतां आपल्याच अभ्यासाचे दोनचार प्रश्न उकलतात, हें पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्रथम शास्त्र काय सांगतें तें पाहूं. आश्वलायन गृह्यसूत्राप्रमाणें मुलाचें नांव घोषवर्णानें आरंभ होणारें, मध्यें अंतःस्थ वर्ण असलेलें, अंतीं विसर्ग येणारें व दोन किंवा चार अक्षरांचें असावें. घोषवर्ण म्हणजे वर्गांतील तिसरा, चौथा व पांचवा वर्ण, तसेच य, र, ल, व आणि ह. अंतःस्थ म्हणजे य, र, ल, व. मुलाचीं अक्षरें सम व मुलीचीं विषम, हा भेदहि सूत्रकारांनीं सांगितला आहे. मनुस्मृतींत मुलीचें नांव उच्चारास सुलभ, मंगल व दीर्घ स्वरांत असावें असें म्हटलें आहे. पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभीं याज्ञिकांचें जें मत नमूद केलें आहे, त्यांत आणखी तीन अटी आहेत. नांवाचा आद्य स्वर वृद्धिसंज्ञक, म्हणजे आ, ऐ किंवा औ, नसावा. नांव तीन पूर्वपुरुषांना अनुसरणारें असावें. आणि तें शत्रूच्या घरीं रूढ झालेलें नसावें.

उत्तरकालीन निबंधकारांनीं, विशेषतः काशीनाथ उपाध्याय यांनीं शके १७१२ मध्यें लिहिलेल्या धर्मसिंधूंत, एकाच बालकास चार नांवें सांगितलीं आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम व व्यावहारिक नाम. मासनामें विष्णूचीं असून मार्गशीर्षास कृष्ण, पौषास अनंत, माघास अच्युत, फाल्गुनास चक्री, चैत्रास वैकुंठ असा त्यांचा क्रम आहे. नाक्षत्रनाम जन्मनक्षत्राच्या चरणावरून निघतें. अश्विनीच्या चार चरणांस चू, चे, चो, ला हीं आद्याक्षरें आहेत. जन्मपत्रिकांचा संग्रह करणाऱ्यांनीं ही गोष्ट नित्य ध्यानीं धरावी. पत्रिकेंतील जन्मनांव व दप्तरांतील व्यवहारनांव भिन्न आढळलें म्हणून व्यक्ति दोन झाल्या, असा निष्कर्ष काढतां येत नाहीं.

आतां हा नियम शिलाहारांच्या नांवांस लावून पाहूं. उत्तर कोंकणच्या या घराण्याची परंपरा कपर्दी, पुल्लशक्ति, दुसरा कपर्दी, वप्पुवन्न, झंझ, गोग्गि, वज्जड, अपराजित, दुसरा वज्जड, अरिकेसरी, छित्तराज, नागार्जुन, मुम्मुणि, अनंतदेव अशी चालते. पुढें अपरादित्य, हरिपालदेव, मल्लिकार्जुन आदि राजे येतात. कपर्दी व पुल्लशक्ति हीं नांवें अघोष वर्णानें आरंभ होतात. अपराजित व अनंतदेव हीं स्वरादि असून पांच अक्षरांचीं आहेत. झंझ व गोग्गि यांचा आरंभ घोषवर्णानें होतो व अक्षरेंहि दोनच आहेत. परंतु मध्यें अंतःस्थ नाहीं. नागार्जुन हें नांव आश्वलायनाच्या कसोटीस पूर्ण उतरतें, पण आद्य स्वर आ असल्यामुळें पतंजलीच्या कसोटीस उतरत नाहीं. वर्ण व अक्षरसंख्या यांच्या सर्व अटी पाळणारें एक नांव हरिपाल हें होय: आरंभीं ह, मध्यें र व ल, अक्षरें चार, आद्य स्वर अ. एवढ्या मोठ्या नामावळींत असें नांव विरळा सांपडावें, यावरून सूत्रांतील वर्णनियम राजकुलांत काटेकोरपणें पाळला जात नव्हता असें म्हणण्यास हरकत नाहीं.

मग नांव ठरत असे तें कशावरून? वंशावळ पाहतां, याज्ञिकांची पूर्वपुरुषांविषयींची अट मात्र लोकाचारांत जिवंत होती असें दिसतें. पहिल्या कपर्दीचा पुत्र पुल्लशक्ति व नातू दुसरा कपर्दी. पहिल्या वज्जडाचा पुत्र अपराजित व नातू दुसरा वज्जड. आजोबांचें नांव नातवास देण्याची ही चाल पुढेंहि स्पष्ट दिसते. शिवाजी महाराज इ. स. १६८० त निवर्तले. १६८२ त जन्मलेल्या संभाजी महाराजांच्या पुत्राचें मूळ नांव शिवाजी असेंच होतें, इतिहास त्यांस शाहू महाराज या नांवानें ओळखतो. राजाराम महाराज व ताराबाई यांच्या पुत्राचें नांवहि शिवाजीच. बाळाजी विश्वनाथ १७२० त वारल्यावर जन्मलेला नातू बाळाजी बाजीराव झाला, आणि रघुनाथरावांच्या पुत्रास पहिल्या बाजीरावांचें नांव मिळालें. याच्या उलट, शिलाहार विद्याधर जीमूतवाहनास आपला मूळपुरुष मानीत व आपल्या लेखांत त्याचा अभिमानानें उल्लेख करीत. तथापि उत्तर कोंकणच्या ज्ञात वंशावळींत जीमूतवाहन नांवाचा एकहि राजा नाहीं. पुराणांतील पूर्वज बिरुदास उपयोगी पडला. पाळण्यांत मात्र आजोबांचें नांव आलें.

या चालीचा संशोधकास होणारा त्रास सर्वविदित आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील अपरार्क टीका शिलाहार राजा अपरादित्य याच्या नांवावर आहे. परंतु या घराण्यांत अपरादित्य दोन झाले. टीका पहिल्याची, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील, असें महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं ठरविलें. त्याकरितां त्यांस ग्रंथांतर्गत व बाह्य असा बराच पुरावा जुळवावा लागला. मंखाच्या श्रीकंठचरितांत कोंकणच्या अपरादित्यानें काश्मीरास पाठविलेल्या दूताचा उल्लेख आहे, तो येथें उपयोगी पडतो. ज्या स्मृतीनें अकराव्या दिवशीं नामकरण सांगितलें, तिच्याच टीकाकाराची ओळख नामसाम्यामुळें संशयांत पडावी, हा योग चमत्कारिक खरा.

दुसरी अडचण याच्या विरुद्ध बाजूची, म्हणजे एकाच व्यक्तीचीं अनेक नांवें. अंबरनाथच्या लेखांतील मांवाणि व सोड्ढल कवीच्या उदयसुंदरीकथेंतील मुम्मुणिराज हे एकच. सोड्ढलानें छित्तराज, नागार्जुन व मुम्मुणि या तिन्ही बंधूंचा आश्रय उल्लेखिला आहे. तो ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२० त छापला गेल्यानें ताडून पाहण्याचें साधन सुलभ झालें. अरिकेसरीसहि केशिदेव हें दुसरें नांव आहे. पेशवाईच्या कागदांत हाच प्रकार घरगुती नांवांनीं होतो. नानासाहेब म्हणजे बाळाजी बाजीराव, व नाना फडणीस म्हणजे बाळाजी जनार्दन. दोघेहि नाना व दोघेहि बाळाजी. त्यांस वेगळें करतें तें पित्याचें नांव. वडीलधाऱ्यांचें नांव घरांतील सुनांनीं उच्चारावयाचें नाहीं असा आचार असल्यामुळें, आजोबांच्या नांवाच्या मुलास नाना, बापू, अप्पा, भाऊ अशा हांका पडणें स्वाभाविक होतें.

शिलाहारांच्या अधिकाऱ्यांचीं नांवें यांहून निराळीं आहेत. छित्तराजाच्या शके ९४८ च्या भांडुप ताम्रपटांत सर्वाधिकारी नागणैय व सांधिविग्रहिक सीहपैय हे येतात. अंतींचा ऐय कानडी अय्य याचा द्योतक आहे, तर सीह हें सिंह शब्दाचें प्राकृत रूप. त्याच पटांत कर्णाटकाकडील सांधिविग्रहिकाचें नांव कपर्दी असें आहे. म्हणजे राजघराण्याच्या आद्य पुरुषाचें नांव सेवकानें धारण करण्यास प्रत्यवाय नव्हता. संस्कृत, प्राकृत व कानडी अशा तिन्ही छटांचीं नांवें एका दरबारांत एकत्र नांदत होतीं. तेव्हां जुनें म्हणजे केवळ संस्कृत, ही समजूत निराधार ठरते. झंझ व गोग्गि हीं नांवें अपराजिताइतकींच कुलीन होतीं.

नांव सुचविणाऱ्यानें काय दक्षता घ्यावी, याविषयीं अंबरनाथचाच लेख बोधप्रद आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं त्यांतील शक ७८२ असा वाचला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२ असल्याचें दाखविलें. एका अंकानें दोनशें वर्षांचें अंतर पडलें. झिजलेल्या दगडावर अंकाची जी गति, तीच अक्षराची. म्हणून जुन्या लेखांतून उचललेलें नांव पाळण्यांत घालण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. एक, तें मूळ पटावरून किंवा ठशावरून वाचलेलें आहे, कीं नकलेच्या नकलेवरून. दोन, तेंच नांव दुसऱ्या स्वतंत्र साधनांत आढळतें काय. तीन, तें खरोखर व्यक्तिनाम आहे, कीं बिरुद अथवा अधिकारपद. या तीन कसोट्यांस उतरलेलें नांव कानास थोडें खडबडीत वाटलें तरी निःशंकपणें द्यावें. कालहरण होईल ही भीति नको. १९६९ च्या जन्ममृत्यु नोंदणी कायद्याप्रमाणें जन्माची नोंद नांवावांचूनहि होते व नांव मागाहून दाखल करितां येतें.

शेवटीं एका नव्या गोष्टीचा निर्देश करणें उचित आहे. नाशिकच्या लेण्यांतील लेखांत गौतमीपुत्र सातकर्णि, वासिष्ठीपुत्र पुळुमावि असे उल्लेख येतात. सातकर्णि नांवाचे राजे अनेक असल्यानें कोणता सातकर्णि तें मातेच्या नांवावरून निश्चित होतें. ती रीत पुढें लोपली. शिलाहारांचे लेख पुत्राची ओळख पित्याच्या नांवानें देतात, पेशवेकालीन कागदांतहि तसेंच आहे, आणि त्यामुळें किती राजांच्या माता आपणांस अज्ञात राहिल्या याची गणती नाहीं. महाराष्ट्र शासनानें १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नांवापुढें आईचें नांव व त्यानंतर वडिलांचें नांव लिहिण्याचा नियम केला आहे. आजोबांचें नांव नातवास देण्याची चाल चालूच राहील व नामसाम्यहि होत राहील. परंतु उद्यांच्या संशोधकास दोन अपरादित्य वेगळे करण्यास एक साधन अधिक मिळेल. आपल्या घरच्या बालकाचें नांव कोणावरून ठेविलें, कोणत्या दिवशीं ठेविलें व घरांत त्यास काय हांक मारतात, एवढें घरच्या वहींत टिपून ठेवणें प्रत्येकाच्या हातचें आहे. दप्तरें धुंडाळतांना अशी एक ओळ मिळावी म्हणून ज्यांनीं वर्षें खर्चिलीं, त्यांनीं तरी ती लिहिण्यास चुकूं नये.