धग, पाचोळा, उसवण : कादंबरीला नाव सापडतं तेव्हा

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागलं की चौदाएक किलोमीटरवर चितेगाव येतं. कापूस-तुरीची शेतं आणि कारखान्यांच्या भिंती इथे एकमेकींना खेटून आहेत. टीव्ही बनवणाऱ्या व्हिडिओकॉनमुळे या गावाचं नाव दूरवर गेलं. पुढे 2018 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पलीकडे बिडकीनला आता ऑरिकची नवी औद्योगिक नगरी उभी राहते आहे. आजा शेतकरी, बाप कंपनीत कामाला आणि नातू पुन्हा कामाच्या शोधात, अशा तीन पिढ्या या पट्ट्यात एकाच छपराखाली भेटतात. कादंबरीला लागणारं सगळं इथे आहे, पण त्याला अजून नाव मिळालेलं नाही. आणि नाव मिळत नाही तोवर गोष्ट नेमकी कुणाची, हेही ठरत नाही.

शीर्षक शेवटी चिकटवायचं असतं, असा एक समज आहे. मराठीतल्या चांगल्या कादंबऱ्या पाहिल्या की तो टिकत नाही. कादंबरीचं नाव आणि तिचं कथाबीज एकमेकांना घडवत पुढे सरकतात. हे पाहायला शिवणयंत्राभोवती फिरणाऱ्या तीन कादंबऱ्या शेजारी ठेवाव्यात.

पहिली 1960 ची, अमरावती भागातल्या उद्धव शेळके यांची 'धग'. महादेव शिंप्याची बायको कौतिक नवऱ्याच्या नाकर्तेपणावर, दारिद्र्यावर आणि आजारपणावर एकटीने मात करू पाहते. दुसरी 1971 ची 'पाचोळा'. तिचे लेखक रा. रं. बोराडे लातूरजवळच्या काटगावचे, पुढे छत्रपती संभाजीनगरच्या देवगिरी महाविद्यालयाचे प्राचार्य. 2025 मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या कादंबरीतही शिंपी आहे, गंगाराम. पण गोष्ट सांगते त्याची बायको पार्वती, आणि तीही मराठवाड्याच्या बोलीत. तिसरी देविदास सौदागर यांची 'उसवण'. तुळजापूरचे सौदागर स्वतः शिवणकाम करणारे. तयार कपड्यांच्या बाजारामुळे हातचं काम गेलेल्या विठू शिंप्याची ही गोष्ट. तिला 2024 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला.

धंदा तोच, हलाखीही तीच, पण तीन नावांनी तीन वेगळ्या गोष्टी घडल्या. 'धग' म्हटलं की नजर चुलीपाशी, जळणाऱ्या बाईकडे जाते. म्हणून ती कादंबरी कौतिकची झाली. 'पाचोळा' म्हटलं की वाऱ्यावर उधळलेलं घर दिसतं. एका माणसाच्या दुःखापेक्षा अख्ख्या कुटुंबाची वाताहत तिथे मोठी होते, आणि ती सांगायला घर सांभाळणारीच बाई हवी. 'उसवण' हा तर शिंप्याच्या हाताखालचाच शब्द. टाका उसवतो तसा धंदा उसवतो, मग माणूस. इथे दोष एका घराचा उरत नाही, काळाचा होतो. ही नावं आपसांत बदलून पाहा. 'उसवण' हे नाव 'धग'ला दिलं तर कौतिकच्या सोसण्याची आच निघून जाईल. गोष्ट कुठून पाहायची ते नावच ठरवतं.

असे शब्द शब्दकोशात बसून मिळत नाहीत. ते घराच्या, शेताच्या, कचेरीच्या बोलण्यात आधीपासून असतात. लेखक त्यांच्याकडे पहिल्यांदा थांबून पाहतो. सदानंद देशमुखांनी शेतकऱ्याच्या तोंडचा 'बारोमास' उचलला आणि बारा महिने न संपणारी ओढाताण एका शब्दात आली. 2004 मध्ये त्या कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विश्वास पाटलांनी धरणग्रस्तांच्या गोष्टीला 'झाडाझडती' म्हटलं. शब्द चौकशीचा, अंगझडतीचा. ज्याचं गाव पाण्याखाली गेलं त्यालाच कागदपत्रांसाठी दारोदार झडती द्यावी लागते, हा सारा अन्याय त्यात आहे. जायकवाडी धरणाच्या पाण्यालगत राहणाऱ्या आम्हा पैठण तालुक्यातल्या लोकांना तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. नांदेडच्या कविता महाजन यांनी पंचायत राजमधल्या आदिवासी बायकांवर लिहिताना 'ब्र' हे एकच अक्षर निवडलं. 'ब्र काढू नकोस' हे बाईने पिढ्यानपिढ्या ऐकलेलं वाक्य. ते अक्षर मुखपृष्ठावर आलं, तिथेच गप्प बसवलेल्या बायकांच्या बोलण्याला सुरुवात झाली. सुनीता बोर्डे यांच्या 'फिन्द्री'तही नकोशा मुलीला हिणवणारा बोलीतला शब्दच तिच्या शिक्षणाच्या झगड्याचं नाव झाला.

या जुळणीला किती काळ लागतो, याचं मात्र ठरीव माप नाही. भालचंद्र नेमाडे यांनी 'कोसला' सांगवी या गावी जाऊन दोनेक आठवड्यांत लिहून काढली. ती 1963 मध्ये आली. स्वतःभोवती कोश विणत गेलेल्या तिच्या नायकाला, पांडुरंग सांगवीकरला, दुसरं नाव शोभलंच नसतं. लिहिणं पंधरवड्याचं असलं तरी त्यामागे पंचविशीपर्यंतचं सारं जगणं होतं. त्याच नेमाड्यांची 'हिंदू' यायला 2010 साल उजाडलं. तोवर त्यांचा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातला अध्यापनाचा काळही होऊन गेला होता. तिचा नायक, पुरातत्त्वाचा अभ्यास करणारा खंडेराव, थरावर थर उकरतो, आणि 'जगण्याची समृद्ध अडगळ' हे उपशीर्षक माळ्यावर साठलेल्या वस्तूंची आठवण करून देतं. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'ची (1959) तऱ्हा आणखी वेगळी. नाव महाभारतात हजारो वर्षं तयार होतं, अर्थ मात्र पिकायला हवा होता. भोगाच्या मागे धावणारा आजचा माणूस त्यांना त्या राजात दिसला. महाभारतात शापानंतर दिसेनासा होणारा संयमी कच त्यांनी ययातीसमोर पुन्हा उभा केला. तेव्हा जुनं नाव नवी कादंबरी झालं.

म्हणून आमच्या भागातल्या लिहू पाहणाऱ्या तरुणांना एक कळकळीची विनंती आहे. चितेगाव-बिडकीनच्या चौकात पहाटे शिफ्टची गाडी थांबते. संपादन, मोबदला, कंत्राट, ओव्हरटाइम, सातबारा, फेरफार हे शब्द तिथे रोज कानांवर पडतात. मावशी-आत्यांच्या बोलण्यात त्याहून जुने आणि टोकदार शब्द आहेत. ते वहीत उतरवून ठेवा. कोण म्हणालं, कधी म्हणालं, म्हणताना त्याचा चेहरा कसा होता, तेही लिहा. कथानकाची घाई करू नका. त्यातला एखादा शब्द काही केल्या पाठ सोडणार नाही. या रस्त्यावरच्या तीन पिढ्यांच्या कादंबरीचं नाव तोच असेल, आणि ती कुणी सांगायची हेही तोच सांगेल.