श्वेतद्रव्याचे नकाशे : प्रत्यक्ष की अनुमान?

पक्षाघाताचा रुग्ण कधी कधी एमआरआयच्या अहवालासोबत मेंदूतील तंतूंचे रंगीत चित्रही घेऊन येतो. त्यात एका बाजूचे तंतू खंडित दिसले, की आप्तांचा प्रश्न असतो, ‘म्हणजे हात पुन्हा चालणार नाही का?’ उत्तर देण्यापूर्वी ते चित्र कसे सिद्ध होते, हे वैद्याने जाणून घेणे अगत्याचे आहे.

श्वेतद्रव्य म्हणजे मायलिनचे वेष्टन असलेल्या चेतातंतूंच्या जुड्या. या यंत्राला सुटा तंतू दिसत नाही. तंतूची जाडी मायक्रोमीटरमध्ये मोजावी लागते, तर प्रतिमेतील एका घनाची बाजू सुमारे २ मिलिमीटर असते. यंत्र मोजते ते पाण्याच्या रेणूंचे विसरण. हे रेणू तंतूच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतात, आडव्या दिशेने अडतात. १९९४ मध्ये पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो व डेनिस ल बिहान यांनी प्रत्येक घनातील विसरणाची प्रमुख दिशा काढणारी ‘डिफ्युजन टेन्सर’ पद्धती मांडली. या दिशा संगणकाने जोडत नेल्या, की रेषा उमटतात.

अर्थात ही रेषा प्रत्यक्ष नव्हे, अनुमान होय. आणि हेतू सदोष असेल तर अनुमानही फसते. श्वेतद्रव्याच्या बहुसंख्य घनांत परस्परांना छेदणारे तंतू असतात. टेन्सर मात्र एकच प्रमुख दिशा सांगतो. म्हणूनच हात व चेहऱ्याच्या हालचालींचे तंतू निरोगी मेंदूच्या चित्रातही अनेकदा उमटत नाहीत, पायाचे मात्र ठळक दिसतात. सूज किंवा तपासणीच्या वेळी डोके हलणे, यांनीही रेषा तुटते. उलटपक्षी, नसलेले मार्गही दिसतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत २० संशोधक गटांच्या ९६ नकाशांची परीक्षा झाली. खऱ्या जुड्या बहुतांशी सापडल्या, परंतु खोट्या जुड्यांची संख्या त्यांहून अधिक निघाली. छेदणाऱ्या दिशा वेगळ्या करणाऱ्या पुढील पद्धतींनी पहिला दोष कमी झाला, नाहीसा झाला नाही.

मेंदूतील गाठ काढताना शल्यचिकित्सकाला हे नकाशे मोलाचे ठरतात, यात संशय नाही. तथापि तुटलेल्या रेषेवरून रुग्णाची आशा तोडू नये. तसेच चिकित्सेनंतर रेषा दाट दिसली, एवढ्यावरून यशाचा दावाही करू नये. दोन चित्रांची तुलना करावयाची तर यंत्र व मापनपद्धती एकच असावी. बोटांची हालचाल व मुठीचे बल दर भेटीत स्वतः तपासून नोंदवावे. तेच वैद्याचे प्रत्यक्ष.