प्रोसेसर बदलावा की थंड करावा?

एप्रिलच्या दुपारी कोथरूडमधल्या घरी तुमचा संगणक रेंगाळू लागला, तर नवा प्रोसेसर आणण्याची घाई करू नका. तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअसला पोचले, की बहुतेक प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करून जळण्यापासून वाचतात.

मग बिघाड कोठे? पंख्यात धूळ साठते. प्रोसेसर आणि त्यावरील धातूचा ठोकळा यांमधील लेप वाळून फटींत हवा शिरते. हवा तर उष्णतेची दुर्वाहक! वीज तोडून, जाणकाराच्या मदतीने धूळ झाडा, लेप बदला.

टेकडीपलीकडे पाषाणला ‘आयसर’ संस्थेत २०१९ मध्ये बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकातही उष्णता वाहून नेण्यासाठी द्रव खेळवलेला आहे.

तापमान उतरूनही काम रेंगाळले, तरच प्रोसेसर बदलण्याचा विचार करा.