केमिकल कमी झालंय, म्हणजे नेमकं काय?

‘डॉक्टर म्हणाले, डोक्यातलं केमिकल कमी झालंय.’ नैराश्यावरची गोळी सुरू झालेल्या घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं. मला त्याचा राग नाही. माणूस आळशी नाही, आजारी आहे, एवढं तरी त्यानं घरच्यांना पटतं. पण उंदरांवर गेली सत्तर वर्षं जे काम चाललंय, त्यातून दिसणारं चित्र या वाक्यात मावत नाही.

या वाक्याचा एक धागा मुंबईतून निघतो. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांची हकीगत छापली. औषध होतं आपल्या वैद्यांच्या बटव्यातली सर्पगंधा. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या संशोधकांनी त्या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं आणि ते जगभर वापरात आलं. काही रुग्णांचा रक्तदाब उतरला तसं मनही उतरलं, अशा नोंदी येऊ लागल्या. 1955 मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं, की रेसरपिन दिल्यावर सशाच्या मेंदूतला सेरोटोनिन या रसायनाचा साठा रिकामा होतो. नॉरॲड्रेनॅलिन आणि डोपामिनचीही तीच गत होते, हेही लवकरच कळलं.

रेसरपिन दिलेला उंदीर पाठ गोल करून एका जागी बसून राहतो. पापण्या मिटत येतात, अंग गार पडतं. आधी इमिप्रामिन हे नैराश्यावरचं औषध दिलं असेल, तर असं होत नाही. एवढ्यावरून तर्क उभा राहिला: ही रसायनं घटली की नैराश्य येतं, वाढवली की जातं. 1965 मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरॲड्रेनॅलिनच्या बाजूनं मांडणी केली, 1967 मध्ये ॲलेक कोपेन यांनी सेरोटोनिनच्या. अडचण मात्र समोरच होती. गोळी घेतल्यावर रसायनं काही तासांत वाढतात, आणि रुग्णाला बरं वाटायला दोन-चार आठवडे लागतात. मधल्या काळात मेंदूत काय चाललेलं असतं?

हे शोधायचं तर उंदराची उदासी मोजता यायला हवी. रॉजर पोर्सोल्ट यांनी 1977 मध्ये एक रीत काढली. काचेच्या उभ्या नळकांड्यात साधारण 25 अंशांचं पाणी, आणि त्यात एक उंदीर. सुरुवातीला तो जोरात हातपाय मारतो, काचेवर पंजे घासतो, बुडी मारून वाट शोधतो. मग हळूहळू थांबतो. नाक पाण्याबाहेर राहील इतपतच हालचाल करत तरंगतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात सोडला की तो लवकर थांबतो. नैराश्यावरचं औषध दिलेला उंदीर जास्त वेळ झगडतो. पोर्सोल्ट यांनी या थांबण्याला हताशा म्हटलं. मला हा शब्द कधीच पटला नाही. सुटका नाही हे कळल्यावर ताकद राखून तरंगणारा उंदीर शहाणाही असू शकतो. शिवाय जुन्या औषधांवर पारखलेली ही कसोटी जुन्यांसारखीच नवी औषधं शोधून देणार. म्हणूनच जबाबदार संशोधक ‘नैराश्यासारखं वर्तन’ म्हणतात. त्या ‘सारखं’वर माझा फार भरवसा आहे.

नैराश्याला खतपाणी घालणाऱ्या ताणाचं रसायन त्यामानानं लवकर उलगडलं. धोका जाणवला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएफ नावाचं संप्रेरक सुटतं (1981 मध्ये वायली व्हेल यांच्या गटानं ते ओळखलं), ते पीयूषिकेला जागं करतं, ती मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना, आणि उंदराच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन चढतं. आपल्यात त्याच जागी कॉर्टिसॉल. ब्रूस मॅकइवेन यांना 1968 मध्ये आढळलं, की हे संप्रेरक हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागात, जाऊन साठतं. ताणाला लगाम घालणाऱ्या भागांपैकी हा एक, आणि रोजच्या ताणात झिजतोही हाच. सीआरएफ अडवलं की नैराश्य हटेल, ही आशा उंदरांत खरी वाटली. माणसांवरच्या चाचण्यांत ती टिकली नाही.

खरं वळण आलं ते ‘किती’ हा प्रश्न सोडून ‘कुठे’ विचारल्यावर. एरिक नेस्लर यांच्या गटानं एक लहान उंदीर दहा दिवस रोज एका नव्या, दांडग्या उंदराच्या पिंजऱ्यात सोडला. काही मिनिटं मार खायचा, उरलेला दिवस भोकं असलेल्या पडद्याआड त्याच्याच वासात काढायचा. असे बरेच उंदीर पुढे कुठल्याही अनोळखी उंदराजवळ जाईनात. काही मात्र तेवढाच मार खाऊन पूर्वीसारखे राहिले. चेतापेशींना पोसणारं बीडीएनएफ नावाचं एक प्रथिन आहे. हिप्पोकॅम्पसमध्ये ते वाढलं तर नैराश्यावरच्या औषधासारखं काम करतं. पण डोपामिनच्या वाटेवरून तेच काढून टाकलं, तेव्हा मार खाल्लेले उंदीर इतरांना टाळेनासे झाले. एकच प्रथिन, एका जागी औषध, दुसऱ्या जागी जखमेची आठवण.

‘कधी’ हा प्रश्नही तितकाच मोलाचा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या गटानं त्यावर काम केलंय. मोठ्या उंदराला ताणातून सावरणारं फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत पिलांना दिलं, तर ती मोठेपणी जास्त भित्री आणि नैराश्यासारखं वागणारी निघतात. मेंदू घडत असताना सेरोटोनिन बांधकामात हातभार लावतं, नंतर ते निरोप्याचं काम करतं. (हे वाचून कुणी आपली गोळी स्वतःहून बंद करू नये, पिलांच्या मेंदूवरून मोठ्या माणसाच्या उपचाराचा निर्णय होत नाही.)

आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातलं सुमंत्र चटर्जी यांच्या गटाचं काम मला सर्वांत जवळचं वाटतं. त्यांनी उंदरांना रोज दोन तास, असं दहा दिवस जखडून ठेवलं. मग मेंदूचे पातळ काप घेऊन गोल्जीच्या रीतीनं रंगवले. या रीतीत हजारोंतल्या मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण झालेली पेशी बारीक फांद्यांसकट उमटते, पानगळ झालेल्या झाडासारखी. हिप्पोकॅम्पसमधल्या झाडांच्या फांद्या छाटल्यासारख्या आखूड झाल्या होत्या. भीतीचं केंद्र असलेल्या अमिग्डालात उलट त्या फोफावल्या होत्या. 2002 चा हा निष्कर्ष. दोन वर्षांनी त्यांनी अशा उंदरांना 21 दिवस विसावा देऊन पुन्हा पाहिलं. हिप्पोकॅम्पसच्या फांद्या परत आल्या होत्या. अमिग्डालातली वाढ तशीच होती, आणि उंदीर अजूनही उघड्या जागी जायला घाबरत होते.